स्ट्रिंग ऑफ हार्ट्स ऊर्फ बदामवेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीत टांगलेली ही वेल पाहिली की हात आपोआप पुढे जातो. दोऱ्यासारख्या बारीक वेली, त्यावर जोडीजोडीने बसलेली, चंदेरी नक्षीची इवलीशी पानं. आणि घरी आणल्यावर दोन महिन्यांत फोन येतो, "अगं, सगळी पिवळी पडली, काय करू?" गेली नऊ वर्षं मी पुण्यात पूर्वेकडच्या खिडकीत ही वेल वाढवते आहे. मैत्रिणी, शेजारी, नातेवाईक यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही वेल मूळची कुठली? आणि मराठीत हिला काय म्हणायचं?

मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली. झिम्बाब्वे आणि एस्वातिनीतही (पूर्वीचं स्वाझीलँड) सापडते. १८८१ मध्ये जॉन मेडली वूड या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिथल्या नाताळ नावाच्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत ती खडकांवरून लोंबताना दिसली. पुढे १८९४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि वूड यांच्या नावावरून ती सेरोपेजिया वूडी झाली. काही पुस्तकांत ती सेरोपेजिया लिनिअॅरिस या जातीची उपजात म्हणून दिलेली असते; झाड तेच.

"खडकांवरून लोंबताना" हे शब्द लक्षात ठेवा. खडकाच्या कपारीत मूठभर माती, वरून झुडपांची विरळ सावली, पाऊस आला की धो धो आणि गेला की पाणी क्षणात निथळून मोकळं. या वेलीचं घर असं आहे, आणि आपल्याला कुंडीत तेच उभं करायचं आहे.

नर्सरीवाले तिला स्ट्रिंग ऑफ हार्ट्सच म्हणतात, तेव्हा मागताना तेच नाव घ्या. आमच्या घरात ती बदामवेल आहे. खायचा बदाम नव्हे, पत्त्यातला. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा पान तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "हा तर बदामाचा एक्का." तेव्हापासून तेच नाव पडलं.

हिला सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणारं झाड म्हणतात, पण पानं तर फार जाड नाहीत. मग ही पाणी साठवते कुठे?

थोडं पानात, आणि खरा साठा कंदात. हिला समजून घ्यायचं तर कंदापासूनच सुरुवात करावी लागते. कुंडीतली माती हलक्या हाताने उकरलीत तर खाली लहान बटाट्यासारखे, करड्या-तपकिरी रंगाचे गोळे दिसतील. जुन्या कुंडीत ते सुपारीएवढे आणि त्याहून मोठेही होतात. शिवाय वेलीवरही, जिथे पानांची जोडी फुटते त्या पेरावर, बारीक मणी धरतात. सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढे, मग हरभऱ्याएवढे. बोटाने दाबून पाहा, टणक लागतात. अनेक जण हा रोग समजून खुडून टाकतात. कृपा करून तसं करू नका. ते कंद आहेत. मातीला टेकले की मुळं सोडतात आणि नवी वेल उभी राहते.

ज्या झाडाकडे असा साठा आहे, ते कोरडेपणाने सहसा मरत नाही. मरतं ते ओलाव्याने, कारण हवा न मिळालेला कंद कुजतो.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर दिवसांत देण्याचं मी बंद केलं आहे. "दर रविवारी एक पेला" असं ठरवून पाणी घातलेल्या कितीतरी वेली मी गेलेल्या पाहिल्या आहेत. वार बघू नका, पान बघा.

कुंडीजवळचं, मध्यम वयाचं एक पान चिमटीत धरा आणि हलकेच दुमडून पाहा. ते ताठ असेल, दुमडायला नकार देत असेल, तर कंद भरलेला आहे, पाणी नको. ते पापडाच्या लाटीसारखं सहज वाकलं तर तहान लागली आहे. त्याच वेळी मातीत दोन बोटं खुपसून पाहा. माती आतपर्यंत कोरडी आणि पानही मऊ, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच पाणी. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं हेही सवयीने जमतं. कोरडी कुंडी उचलताना हात चटकन वर जातो.

आणि द्याल तेव्हा पोटभर द्या. रोज चमचा-चमचा शिंपडल्याने वरची माती ओली राहते, खालची मुळं उपाशी. कुंडी उतरवून मोरीत ठेवा, खालच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत घाला, अर्धा तास निथळू द्या, मगच परत टांगा. टांगत्या प्लास्टिकच्या कुंड्यांना खाली चिकटवलेली ताटली असते, तीत साचलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही. मी ती ताटली काढूनच टाकते.

तरी अंदाज हवाच असेल तर माझा अनुभव सांगते. पुण्याच्या उन्हाळ्यात मला साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं, थंडीत पंधरा ते वीस दिवसांनी. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की तीन-तीन आठवडे हात आखडता घेतला तरी बिघडत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात मात्र कुंडी आठवड्याच्या आत कोरडी पडू शकते. तुमच्या घराचा अंदाज तुमच्या कुंडीलाच विचारावा लागेल.

माझी पहिली वेल जुलैमध्ये गेली. गॅलरीच्या कठड्याला टांगली होती, पावसाची झड आत येत होती, आणि "पावसाचं पाणी झाडाला चांगलंच" अशा समजुतीने मी ती तिथेच ठेवली. वर पानं छान दिसत होती. एक दिवस वेल धुळीतून ओढून वर घ्यावी म्हणून धरली, तर अख्खी जुडी हातात आली. खाली देठांचा काळा चिखल झाला होता. त्या जुडीच्या टोकाला वाटाण्याएवढा एक मणी मात्र टणक होता. तो मी कोरड्या वाळूवर ठेवला. आज माझ्या खिडकीत जी वेल आहे ती त्या मण्याची.

पानं मऊ पडली आहेत. पाणी कमी झालं की जास्त?

दोन्हींत पानं मऊ पडतात, म्हणून घोळ होतो. तहानलेलं पान पातळ आणि किंचित सुरकुतलेलं असतं, पण रंग टिकून असतो आणि माती हलकी, कोरडी असते. पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत ते पुन्हा भरतं. जास्त पाण्याने बिघडलेलं पान पिवळं पडतं, काचेसारखं पारदर्शक दिसतं, आणि देठ मातीला टेकतो तिथे तपकिरी, लिबलिबीत होतो. माती नाकाशी धरली तर कुबट वास येतो.

अशा वेळी "थोडं वाळू द्या, सुधारेल" म्हणून थांबू नका. कूज वर चढते. कुंडी उलटी करा, माती झाडा, मऊ पडलेलं सगळं कापून टाका. दाबल्यावर टणक लागणारे कंद आणि हिरवे राहिलेले वेलीचे तुकडे बाजूला घ्या, एक दिवस सावलीत उघडे ठेवा म्हणजे कापलेली टोकं सुकतील, आणि कोरड्या, नव्या मिश्रणात लावा. चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी, तेही बेताचं.

एक तिसरी शक्यताही आहे. माती ओली, पानं तरी मऊ, आणि कूज कुठेच दिसत नाही. मग मुळं तपासा, कारण मुळांवरचा पिठ्या ढेकूण हेच करतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कुठे टांगू? माझी वेल खाली लांब झाली, पण वर टक्कल पडलं.

कारण ती छताजवळ टांगली आहे. फोटोत तसंच दिसतं म्हणून आपण तसंच करतो. पण खिडकीतून येणारा उजेड खाली सरकत येतो. छताखाली दोन वितींवर टांगलेल्या कुंडीच्या तोंडापर्यंत तो पोचतच नाही. लोंबत्या शेपट्या उजेडात आणि डोकं अंधारात. मग वरून नवे कोंब फुटायचे थांबतात.

कुंडीचं तोंड खिडकीच्या काचेच्या उंचीला येईल इतकी खाली घ्या. मातीवर उजेड पडला पाहिजे. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली: सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड. पश्चिमेची असेल तर दुपारी पातळ पडदा ओढा. उघड्या गच्चीवर एप्रिल-मेचं ऊन पानं भाजतं, ती आधी लालसर-जांभळी होतात आणि मग कडेने कागदासारखी सुकतात.

उजेड कमी पडतोय हे वेल स्वतः सांगते. दोन जोड्यांमधलं अंतर वाढतं, पानं लहान आणि फिकट हिरवी येतात, चंदेरी नक्षी पुसट होते. भरपूर उजेडातल्या वेलीचं पान गडद, नक्षी ठसठशीत आणि पाठ जांभळट असते.

टक्कल पडलेल्या कुंडीवर सोपा उपाय: दोन-तीन लांब वेली उचलून मातीवरच वेटोळं करून ठेवा, आणि पेरं मातीला टेकतील अशा बेताने केसांच्या आकड्यांनी दाबा. महिन्याभरात तिथे मुळं सुटतात आणि सहा-आठ आठवड्यांत कुंडी वरून भरायला लागते.

कुंडी कोणती, माती कोणती?

उथळ आणि लहान. खोल कुंडीत खालची माती ओलीच राहते. चार-पाच इंची मातीची कुंडी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती बाजूनेही सुकते. मातीसाठी एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा बारीक सिंडर (जळलेल्या कोळशाची खडी), एक भाग विटांचा चुरा किंवा जाड वाळू, आणि मूठभर जुनं गांडूळखत. वाळू जाडच हवी. बारीक वाळू सिमेंटसारखी बसते.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर बाहेरचं सुकतं आणि आतला गाभा आठवडाभर ओला राहतो. गोळा हाताने हळूहळू सोडवा. कंद लावताना पूर्ण गाडू नका, वरचा थोडा भाग उघडा राहू द्या.

कुंडी बदलायची घाई नको. हिला दाटीत राहायला आवडतं. दोन-तीन वर्षांनी, कंदांनी प्लास्टिकची कुंडी फुगायला लागली की बदला.

रोपं कशी करायची?

फेब्रुवारी ते एप्रिल आणि पावसाळा संपल्यावरचा महिना, हे दिवस उत्तम. मण्यांची पद्धत मला सगळ्यात जास्त प्रिय आहे: मणी असलेलं पेर वेलीपासून न कापताच शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवा, आकड्याने दाबा. आईचा दाणापाणी चालू असतो, त्यामुळे रोप दगावत नाही. नवा कोंब वाढायला लागला की मग कापून वेगळं करा.

लांब तुकडा असेल तर वीतभर घ्या, खालच्या दोन पेरांची पानं काढा आणि ती पेरं पाण्यात बुडतील असा ग्लासात ठेवा. पाणी चार दिवसांनी बदला. दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसतात. बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच मातीत लावा.

आणि थोड्याच वेलीतून पुष्कळ रोपं हवी असतील तर प्रत्येक जोडी वेगळी कापा, दोन्ही बाजूंना देठाचा जेमतेम सेंटिमीटर ठेवून. फुलपाखरासारखे दिसणारे हे तुकडे मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओलसर कोकोपीटवर मांडायचे, झाकण लावून उजेडात ठेवायचं. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादा तुकडा हलकेच उचलून पाहिला तर खाली पांढरं मूळ आणि मोहरीएवढा नवा कंद दिसतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सगळ्या घराला बोलावून दाखवला होता.

गुलाबी कडांची जात घ्यावी का?

घ्या, पण पहिली वेल म्हणून नको. तिच्या पानांचा पांढरा-गुलाबी भाग अन्न तयार करत नाही, म्हणून ती सावकाश वाढते आणि उजेड कमी पडला की गुलाबी रंग जातो. एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटली तर ती मुळापासून कापा, नाहीतर तीच जोमाने वाढून बाकीच्यांवर मात करते. आधी साध्या जातीवर हात बसू द्या.

कीड कोणती लागते?

पिठ्या ढेकूण, म्हणजे पानांच्या बेचक्यात बसलेले कापसासारखे पांढरे ठिपके. कोवळ्या टोकांवर कधी मावाही येतो. ढेकूण थोडे असतील तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. एकदाच फवारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी येतेच. मुळांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसली तर सगळी माती टाकून द्या, कंद आणि मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, सुकवा आणि नव्याने लावा.

नवं रोप आणलं की दोन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. माझ्या एका आळसामुळे ढेकूण सात कुंड्यांत पसरला होता.

खत?

थोडंच. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम. थंडीत बंद. कोरड्या मातीत खताचं पाणी घालू नका, आधी साधं पाणी द्या.

वेलीचा गुंता झाला आहे.

पाणी द्यायच्या आधी, वेल थोडी तहानलेली असताना सोडवा. तेव्हा ती लवचीक असते. टोकाकडून नव्हे, मुळाकडून सुरुवात करा. फार गुंतली असेल तर वीतभर ठेवून कापा. कापलेल्या ठिकाणी बहुतेकदा दोन फांद्या फुटतात आणि तुकड्यांची रोपं होतात.

हे विचित्र आकाराचं फूल आहे की रोग?

फूल आहे, आणि भिंग घेऊन बसावं असं आहे. दोन-तीन सेंटिमीटरची फिकट गुलाबी नळी, तळाशी फुगलेली, आणि वर पाच काळपट-जांभळ्या पाकळ्या टोकांना एकमेकींना चिकटलेल्या, जणू छोटा आकाशकंदील. हा माशीसाठीचा सापळा आहे. बारीक माशी पाकळ्यांच्या फटींतून आत शिरते, नळीतले खाली वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. ती आत फिरते, परागांचे पुंजके तिला चिकटतात. नंतर केस मलूल होतात, वाट मोकळी होते, आणि माशी पराग घेऊन सुखरूप बाहेर पडते. माशीला इजा होत नाही.

या वंशाचं सेरोपेजिया हे नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, ग्रीक शब्दांवरून; अर्थ मेणाचा कारंजा. त्याच्यासमोर वर्णन होतं ते आपल्या मलबारातल्या एका वेलीचं.

घरात मांजर आणि लहान मूल आहे. चालेल?

बदामवेल मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. मात्र मोत्यांच्या माळेसारखी दिसणारी स्ट्रिंग ऑफ पर्ल्स विषारी आहे. नर्सरीत दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात, तेव्हा नीट बघून घ्या. लोंबत्या वेली मांजराला खेळणं वाटतात, म्हणून कुंडी भक्कम अडकवा.

आम्ही थंड देशात राहतो. इथे जगेल का?

घरात नक्की. १५ अंशांच्या वर ती खूश असते, दहाच्या खाली नको. हिवाळ्यात काचेला पानं टेकू देऊ नका आणि हीटरच्या थेट वर टांगू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी अगदी कमी, कारण उजेडच कमी असतो. आणि पुण्याहून आईच्या कुंडीतला कंद सामानात लपवून नेऊ नका. बहुतेक देशांत त्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. रोप तिथल्याच नर्सरीतून घ्या.

पावसाळ्यात गडावर अगदी अशाच फुलाची वेल दिसली. कंद आणून कुंडीत लावू का?

नको. तुम्ही पाहिलंत ते कंदीलपुष्प, काही जातींना खरपुडी किंवा हमण म्हणतात. तुमच्या खिडकीतल्या वेलीची ती सख्खी बहीण. भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत, काही तर मोजक्याच डोंगरांवर. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नावानेच एक जात ओळखली जाते, सेरोपेजिया अंजनेरिका.

हीसुद्धा कंदावर जगणारी. पहिल्या पावसानंतर वर येते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलते, आणि पाऊस सरला की वरून दिसेनाशी होते. बाकीचे महिने ती जमिनीखालचा कंद असते, बस. तो उपटला की त्या जागी पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही. गुराख्यांची पोरं हे कंद पूर्वीपासून खात आली, पण आता वणवे, खाणकाम, बांधकाम आणि हौशी लोकांची उपट हे सगळं एकदम आलं आहे. शिवाय कातळावर वाढलेला कंद खिडकीतल्या कुंडीत फारसा टिकत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या जातींची जोपासना आणि अभ्यास झाला आहे. ते काम तज्ज्ञांचं.

कुंडीत आफ्रिकेची बहीण लावा, ती हजारोंनी रोपवाटिकेत तयार होते. आणि सह्याद्रीतली बघायला ऑगस्टच्या अखेरीस जरूर जा. गवताच्या उंचीला वाकून बघावं लागतं, कारण फूल पात्यांच्या आड असतं. सापडलं की फोटो काढा, पण नेमकी जागा कुठे टाकू नका. आणि मागे सरकताना पाय कुठे पडतोय ते बघा, दुसरी वेल अनेकदा तिथेच शेजारी असते.